वरूनच निघेल

"वचन नाही देता येणार," माझी सहायक डॉक्टर त्या बाईला म्हणाली. "पण प्रयत्न पूर्ण करू."

घडलं ते एवढंच. मंगळवारची तपासणीची सकाळ, अकरा वाजत आलेले, बाहेरच्या बाकांवर अजून पंधरा-वीस माणसं आपापला गळा घेऊन बसलेली. समोरची बाई टपाल कचेरीतली होती, पन्नाशीची, गळ्याभोवतीचा रुमाल सोडून तिने मांडीवर नीट घडी करून ठेवला होता. तिच्या थायरॉइडची गाठ गळ्यातून खाली घसरत छातीच्या हाडामागे गेली होती. पडद्यावर तिचा स्कॅन लावलेला होता आणि श्वासनलिका कशी एका बाजूला रेटली गेलीय ते सहायक डॉक्टरने तिला पेनाच्या टोकाने दाखवलं होतं. बाईने ते सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "छाती तेवढी उघडू नका हो डॉक्टर. जे काय करायचं ते गळ्यातून करा. मला वचन द्या." मी तोंड उघडलं होतं. त्यातून काय बाहेर पडणार ते मला ठाऊक होतं, तीस वर्षं तेच पडत आलंय. पण माझ्या निम्म्या वयाची ही मुलगी माझ्या आधी बोलून मोकळी झाली. मला वाटलं, आता बाई रडेल, उठून जाईल. बाई क्षणभर पडद्याकडे बघत राहिली, मग "बरं," म्हणाली, आणि उपाशीपोटी किती वाजता यायचं ते विचारून रुमाल पुन्हा गळ्याला गुंडाळायला लागली.

जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसं मला झालं. इतकं सोपं होतं? दोन वाक्यं. 'वचन नाही देता येणार. पण प्रयत्न पूर्ण करू.' मी सहायक डॉक्टरला म्हटलं, पुढचे पेशंट तू बघ. ती म्हणाली, "सर, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, जरा जाऊन येतो. डगला खुंटीला लावला आणि बाकांमधून वाट काढत बाहेर पडलो. वाटेत लोक उभे राहत होते, त्यांना वाटलं मी त्यांच्यापैकीच कुणाला तरी बघायला निघालोय. तपासणी अर्धी टाकून मी आजवर कधी उठलो नव्हतो. गाडी मागच्या आवारात होती, तिची आठवण मला बसमध्ये बसल्यावर झाली. बस दादाच्या घराकडे जाणारी होती. ती मी विचार करून पकडली असं म्हणता येणार नाही, पण चुकून पकडली असंही नाही.

हॉस्पिटलात माझ्या माघारी मला 'बोट' म्हणतात. बोट आले, बोट गेले. मला हे कित्येक वर्षांपासून ठाऊक आहे आणि खरं सांगायचं तर आवडत आलंय. गलगंड छातीत उतरला की माणसं घाबरतात, पण तो बहुधा गळ्यातूनच काढता येतो. त्याचं मूळ गळ्यात असतं, रक्त त्याला वरून मिळतं, तो फक्त जागा मिळेल तसा खाली लोंबत गेलेला असतो. गळ्यावर आडवा छेद घ्यायचा, वरच्या रक्तवाहिन्या बांधायच्या, आवाजाची नस शोधून बाजूला जपायची आणि मग तर्जनी हाडामागे सरकवायची. गाठीच्या आवरणाला चिकटून, अंधारात, डोळ्यांनी काही दिसत नाही. बोट गाठीभोवती फिरवत, एकेक धागा सोडवत खाली जायचं आणि तळ लागला की ती हलकेच वर उचलायची. शंभरातल्या पाच-सातांना हे जमण्यासारखं नसतं. तेव्हा छातीचं हाड मधोमध करवतीने कापून उघडावं लागतं. माझ्याकडे त्या पाच-सातांतलेही बरेचसे वरून निघाले होते. दुसऱ्या गावचे सर्जन बघायला यायचे. मी पेशंटच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचो, "वरूनच निघेल." आणि गाठ निघायची. आपण एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत गेलो आणि ती खरी होत गेली की आपल्याला वाटायला लागतं, म्हटल्यामुळेच ती खरी होते.

वहिनी आमच्या घरी आली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आई दोन वर्षांपूर्वी गेली होती, बाबा पाळीवर असायचे, दादा बॉयलरच्या कारखान्यात लागलेला. घरात तीन पुरुष आणि शब्द मोजून सहा. वहिनीने आल्या आल्या मला "काय हो छोटे भाऊजी" म्हणून हाक मारली आणि मी पलंगाखाली जाऊन बसलो, इतका तो आवाज मोठा होता. ती नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवायची. चाळीस पोरं पाण्यात, पत्र्याचं छप्पर, सगळा घुमणारा कालवा, आणि त्याच्यावरून तिचा आवाज सरळ एका पोराच्या कानात जायचा: "पाय! पाय मार! हात काय जेवायला आणलेत?" मलाही तिनेच शिकवलं. मी काठाला घट्ट धरून ठेवायचो, आणि ती वरून ओरडायची, "सोड. तू सोडल्याशिवाय पाणी तुला धरणार कसं?" तेव्हा तिचा राग यायचा. दादाचे कान कारखान्याने खाल्ले. पस्तिशीत तो 'आँ?' म्हणायला लागला, पंचेचाळिशीत तर शेजारी उभं राहून बोललं तरी त्याला कळेना. पण वहिनीचं त्याला ऐकू यायचं. तिला आवाज चढवावासुद्धा लागत नसे, तो चढलेलाच असायचा. दोघांचं भांडण झालं की शेजारी बिनशर्त दादाच्या बाजूने असायचे, कारण त्याची बाजू कुणाला ऐकूच येत नसे. पुढे दादाला कानातलं यंत्र मिळालं. त्याने ते चार दिवस घातलं आणि म्हणाला, "यात सगळं जग ओरडतं. मला माझी एकटी बास आहे." यंत्र कपाटाच्या खणात गेलं.

माझी शिकवणी, फी, परीक्षांच्या वेळी पहाटेचा चहा, यातलं काही मी इथे मोजत बसत नाही. तिला ते आवडलं नसतं. एवढंच सांगतो, की पाच वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी तिला घरी न्यायला तलावावर गेलो, तेव्हा ती काठावर उभी राहून नव्या पोरांना हात कसे वर न्यायचे ते दाखवत होती. निवृत्त झाली होती, तरी हौसेने जायची. दोन्ही हात कानांना लावून सरळ वर. आणि मी बघत असताना तिचा चेहरा बदलला. आधी लाल, मग जांभळट, मानेवरच्या शिरा दोऱ्यांसारख्या फुगल्या. तिने हात खाली घेतले आणि ओणवी होऊन श्वास घेतला. पोरांना वाटलं तीही एक कसरतच. ही खूण मी दर वर्षी विद्यार्थ्यांना शिकवतो. हात वर करायला सांगा, चेहरा काळवंडला तर समजा छातीच्या तोंडाशी काहीतरी अडकलंय. मी जवळ जाऊन तिच्या गळ्याला हात लावला. बोटांना गाठीचा वरचा काठ लागला, खालचा लागला नाही. दर रविवारी मी तिच्या समोर बसून जेवत होतो. तिचा गळा माझ्यापासून हातभर लांब होता आणि माझं सगळं आयुष्य गळे बघण्यात गेलं होतं. "कधीपासून?" मी विचारलं. "आता वय झालं," ती म्हणाली. "दम लागायचाच. तू काय असं बघतोस, मी काय पेशंट आहे का?"

तिचा स्कॅन काढून बघितला. गाठ हाडामागून सरळ खाली उतरली नव्हती, ती श्वासनलिकेच्या मागे शिरून हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीच्या कमानीपर्यंत पोचली होती. वर चिंचोळी, खाली रुंद. गळ्याच्या वाटेपेक्षा गाठीचा बुंधा मोठा. छातीची ऑपरेशनं करणारा माझा मित्र होता, त्याला दाखवला. तो फार बोलणारा माणूस नाही. म्हणाला, "ही वरून येणार नाही. हाड उघडूनच सुरू कर. आणि एक सांगू? तू करूच नकोस. घरचं माणूस आहे." दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. पण वहिनीने सांगितलं, दुसऱ्या कुणाच्या हाताखाली मी झोपणार नाही. आणि मग एकदम आवाज खाली आणून, म्हणजे इतरांचा असतो तेवढा करून, म्हणाली, "छाती तेवढी उघडू नको रे. हाड कापलेली बाई पाण्यात काय हात मारणार? मला वचन दे." दादा शेजारी बसला होता, एकदा तिच्या तोंडाकडे आणि एकदा माझ्या तोंडाकडे बघत. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "वरूनच निघेल," मी म्हटलं. मित्राला म्हटलं, तू थिएटरमध्ये बसून राहा, लागलंच तर हाक मारतो.

बस एका चौकात थांबली होती. सिग्नलपाशी एक माणूस काचेचं तावदान पाठीला बांधून सायकलवर उभा होता, तावदानात आमची बस दिसत होती आणि तिच्या एका खिडकीत मी. उजव्या हाताची तर्जनी मी डाव्या मुठीत धरून बसलो होतो. हे मी अलीकडे करतो, बायकोने दोनदा विचारलं, बोट दुखतंय का. दुखत नाही. त्या बोटाला आठवतं, एवढंच. हातमोज्यातून जाणवणारी ऊब, गाठीचं गुळगुळीत आवरण, हाडाची मागची बाजू. वहिनीच्या ऑपरेशनच्या दिवशी दोन सर्जन बघायला आले होते, बाहेरगावचे, माझ्यापेक्षा तरुण. ती शस्त्रक्रिया बघायलाच आले होते असं नाही, त्यांची तारीख आधीच ठरलेली होती. मी ती बदलली नाही. ते माझ्या मागे पायऱ्यांच्या स्टुलांवर उभे होते, त्यांचा श्वास मला मास्कमधून ऐकू येत होता. पहिला तास चांगला गेला. वरच्या रक्तवाहिन्या बांधल्या, आवाजाची नस वरच्या भागात दिसली, पांढरी, शिवणाच्या दोऱ्याएवढी. मग बोट खाली घातलं. अर्ध्या वाटेपर्यंत सुटत गेलं. पुढे सुटेना. बोट पुरं आत गेलं आणि तळ आला नाही. मित्र कोपऱ्यात हात धुऊन, गाऊन चढवून बसला होता, त्याची करवत कापडाखाली तयार होती. तो म्हणाला, "उघडू?" मी म्हटलं, "एक मिनिट." थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारलं. "एक मिनिट." मागच्यांपैकी एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "बघ, आता काढतील." मी ते ऐकलं. मला स्पष्ट आठवतं, की ते ऐकून मला बरं वाटलं. भिंतीवरच्या घड्याळात मी पहिल्यांदा 'एक मिनिट' म्हटलं तेव्हा दहा वाजून चार मिनिटं झाली होती. दहा पंधराला बोटाखाली काहीतरी सैल झालं, मला वाटलं गाठ सुटली, आणि गळ्याची ती एवढीशी जागा गरम रक्ताने भरून आली. आत कुठेतरी खोल एक शीर फाटली होती. दिसत काहीच नव्हतं. रक्त थांबवायला मी आत चिमटा लावला, आंधळ्यासारखा, एकदा आणि दुसऱ्यांदा. मग मित्र उठला, त्याने मला विचारलं नाही. करवतीचा आवाज फार वेळ नसतो, वीस-पंचवीस सेकंद.

म्हणजे छाती उघडलीच. फक्त उशिरा उघडली. उघडल्यावर सगळं दिसलं, शीर बांधली, गाठ दहा मिनिटांत निघाली. माझ्या दुसऱ्या चिमट्यात आवाजाची नस सापडली होती. चिरडलेली नस आपण उलगडून ठेवतो, वर कोमट पाणी सोडतो, काही वेळा ती परत जागी होते, म्हणून सहा महिने वाट बघतो. ती जागी झाली नाही.

शुद्धीवर आल्यानंतर दुसऱ्या दिवशी वहिनी बोलली. घशातून हवा जावी आणि जाता जाता तिला शब्द लागावेत, तसा तो आवाज होता. मला ओठांशी कान न्यावा लागला. ती म्हणाली, "माझ्याच हट्टामुळे झालं ना हे? तुला भरीला घातलं मी. तू मनाला लावून घेऊ नको." खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. वहिनी, तुझं वचन मला त्या वेळी आठवलंसुद्धा नाही, मी माणसांसमोर हरायला तयार नव्हतो. बारा-तेरा शब्द होतात. मी तिचा हात हातात घेतला आणि दाबला. तिने तो दाबणं 'हो' असं घेतलं, आणि मी घेऊ दिलं.

त्यानंतर ती सव्वाचार वर्षं होती. स्वरयंत्रात भर घालण्याचं एक छोटं ऑपरेशन असतं, त्याने आवाज थोडा सुधारतो. मी म्हटलं, करून घेऊ. "आता सुरी नको," ती म्हणाली. तलावावर एकदाच गेली. काठावर उभी राहिली, एक पोर चुकीचे पाय मारत होतं, तिने तोंड उघडलं, आणि जवळ उभ्या असलेल्या पोराने वळून विचारलं, "आजी, काही म्हणालात?" परत गेली नाही. घरात दादासाठी तिने पाटी आणली, मग वही. दादाला ओठांवरून वाचायची सवय नव्हती, त्याला कधी गरजच पडली नव्हती. रविवारी मी जेवायला जायचो तेव्हा दोघं समोरासमोर बसलेले असायचे, ती लिहायची, वही फिरवायची, तो चष्मा लावायचा, वाचायचा आणि मोठ्याने उत्तर द्यायचा. लिहून कुणी किती भांडणार? त्या घरातलं भांडण बंद झालं, चेष्टा बंद झाली. "मीठ कमी आहे का?" एवढ्यासाठी कोण पेन उचलतं. दारावर घंटा वाजली की दिवा लागेल अशी सोय तिनेच करून घेतली. तसंच एक बटण स्वयंपाकघरात बसवायचं ठरलं होतं. वायरमन येऊन बघूनही गेला होता.

आठ महिन्यांपूर्वी दुपारी तिच्या छातीत कळ आली. ती स्वयंपाकघरात होती आणि दादा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होता, मधे उघडं दार आणि बारा-पंधरा पावलं. ओट्याला धरून ती खाली बसली असावी. पातेल्यावर डाव आपटून तिने आवाज करायचा प्रयत्न केला होता, डाव तिच्या हाताशी पडलेला होता. दादा चहाचं विचारायला उठला तेव्हा चाळीस मिनिटं होऊन गेली होती. तो मला फोन करू शकत नव्हता, त्याने समोरच्या बाईचं दार दोन्ही हातांनी ठोठावलं. तेव्हापासून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दादा एकच गोष्ट सांगतो. कानाची पाळी चिमटीत धरून सांगतो, "यांनी घात केला माझा. ती हाका मारत असणार. मला ऐकू आलं नाही." मी त्या प्रत्येक वेळी त्याच्या शेजारी बसलेला असतो. लोक जाताना माझ्याकडे बघून मान हलवतात, की बघा, म्हाताऱ्याने मनाला किती लावून घेतलंय, तुम्ही तरी समजवा. आणि मी समजावतो.

बसमधून उतरलो तेव्हा बारा वाजून गेले होते. दादाची इमारत कारखान्याने कामगारांसाठी बांधलेली, चार मजले, जिन्याला लोखंडी कठडा. तिसऱ्या मजल्यापर्यंत चढताना मी दोनदा थांबलो आणि दोन्ही वेळा परत फिरण्याची कारणं शोधली. कारणं चांगली होती. तो अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. झालेलं बदलणार नाही. सांगून मीच हलका होणार, त्याला काय मिळणार? हे शेवटचं मी पाच वर्षं स्वतःला सांगत आलो होतो, आणि ते ऐकायला इतकं समंजस वाटतं की त्यातली लबाडी दिसत नाही. घंटा दाबली. आत दिवा लागल्याचं दाराच्या फटीतून दिसलं.

"आज मंगळवार ना?" दादा दार उघडत म्हणाला. "गळे सोडून इकडे कसा? घरी सगळं ठीक?"

मी मान हलवली. त्याने मला खिडकीपाशी बसवलं आणि समोर खुर्ची ओढून बसला. खिडकी उघडी होती, समोरच्या गॅलरीत एक बाई कपडे वाळत घालत होती. टेबलावर वहिनीची वही होती, तिच्यात आता दादा दूधवाल्याचं आणि औषधांचं लिहायचा.

"दादा, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"आँ?"

"वहिनीच्या ऑपरेशनबद्दल."

"मोठ्याने बोल रे. काय पुटपुटतोस?"

"यंत्र घाल ना कानात," मी कानाकडे खूण केली.

त्याने माझ्या खुणेवरून ओळखलं असावं. "त्यातला सेल कधीच गेला," तो म्हणाला. "आता कुणाचं ऐकायचंय मला? बोल तू."

मी वही पुढे ओढली. पेन घेतलं. 'दादा' एवढं लिहिलं आणि हात थांबला. लिहिणं म्हणजे त्याच्याकडे न बघता सांगणं झालं असतं. मी पेन ठेवलं. आयुष्यात कधी ओरडलो नव्हतो तसा ओरडलो.

"मी हाड वेळेवर उघडलं नाही!"

"कुणाचं?"

"वहिनीचं! ऑपरेशनच्या वेळी! गाठ वरून येत नव्हती, मला कळलं होतं! तरी मी थांबलो नाही!"

समोरच्या बाईचे हात दोरीवर थांबले. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता.

"तिने वचन घेतलं होतं ना तुझ्याकडून," तो म्हणाला. "मला तिने लिहून दाखवलं होतं. छाती उघडू नको म्हणाली, म्हणून तू—"

"वचनामुळे नाही! मला वचन आठवलंच नाही तेव्हा! माणसं बघायला आली होती! त्यांच्यासमोर मला करवत मागायची लाज वाटली!"

"कुणासमोर?"

"दोन डॉक्टर होते! बाहेरगावचे! त्यांची नावंसुद्धा आता मला आठवत नाहीत!"

त्या खोलीत माझा आवाज मलाच परका वाटत होता, चिरकलेला, भाजीवाल्यासारखा. खाली कुठेतरी रेडिओ चालू होता तो कुणीतरी बारीक केला. दादाने चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. कारखान्यात तो तपासनीस होता, जोड कुठे कच्चा राहिलाय ते बघणारा.

"किती वेळ?" त्याने विचारलं.

"अकरा मिनिटं!"

"आणि आधीच उघडलं असतं तर? आवाज राहिला असता?"

"बहुतेक."

"काय?"

"बहुतेक राहिला असता!"

मला त्याच्या डोळ्यांत विचार एकेक पाऊल पुढे जाताना दिसत होता, बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. मग त्याने ते म्हटलं. विचारलं नाही, नुसतं म्हटलं, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदाच हळू आवाजात.

"मग त्या दिवशी मला तिची हाक ऐकू आली असती."

हे मला ओरडून कबूल करणं शक्य नव्हतं. मी मान खाली घातली. तो उठला. मला वाटलं, मारेल. मारावं असं वाटलं. तो खिडकीपाशी गेला, समोरच्या बाईकडे बघून त्याने उगाचच हात केला, आणि खिडकी लावून घेतली. परत येऊन बसला.

"तिला सांगितलंस का हे?"

मी मानेनेच 'नाही' म्हटलं.

"ती शेवटपर्यंत तेच धरून होती," दादा म्हणाला. "माझाच हट्ट, माझाच हट्ट. आणि मीही तिला बोललो. दोनदा बोललो. एकदा ते वहीचं फार झालं म्हणून चिडलो, म्हटलं, कशाला घातलंस त्याला भरीला? भोग आता. दुसऱ्यांदा काय झालं होतं आठवत नाही. दोन्ही वेळा तिने नुसती मान डोलावली." त्याने टेबलावरची वही सरळ केली, कडेला कड लावून. "तिच्याकडून एक शब्द उलट आला नाही रे. तिच्याकडून."

बंद खिडकीमुळे खोलीत उकडायला लागलं होतं. दादा रडला नाही. तो फक्त म्हातारा दिसायला लागला, दार उघडताना होता त्यापेक्षा बराच. मग म्हणाला, "पुन्हा सांग."

मी मान वर केली. तू ऐकलंस ना, असं खुणेने विचारलं.

"मी ऐकलं," तो म्हणाला. "आता तिला सांग. तिला सांगितलं असतंस तसं."

तो चेष्टा करत नव्हता. तो हात गुडघ्यांवर ठेवून, पाठ टेकून बसला, दुसऱ्याचं काम होईपर्यंत थांबायचं असलं की माणूस बसतो तसा. मग मी सुरुवात केली. वहिनीशी मोठ्याने बोलावं लागत नसे, तिला सगळं ऐकू यायचं, म्हणून मीही माझ्या नेहमीच्या आवाजात बोललो, आणि पुढे तर त्याहूनही हळू. वहिनी, तो तुझा हट्ट नव्हता, म्हटलं. तुझ्या उशाशी बसलो होतो त्या दिवशीच सांगायला हवं होतं, म्हटलं. त्या दोन माणसांबद्दल सांगितलं, घड्याळाबद्दल सांगितलं, 'आता काढतील' हे ऐकून मला बरं वाटलं होतं तेही सांगितलं, जे मी दादाला ओरडून सांगू शकलो नव्हतो. मधे माझा आवाज जात होता, तिथे थांबून परत सुरू करत होतो. दादाला त्यातला एकही शब्द ऐकू आला नसणार. माझे ओठ हलायचे थांबेपर्यंत तो न हलता बसून राहिला, आणि थांबल्यावरही जरा वेळ, अजून काही राहिलं असेल तर म्हणून.

"जा आता," मग तो म्हणाला. "रविवारी ये."